बावखलातला जलदैत्य

नंदाखालच्या कार्मिनबायला एखादी गोष्ट आवडली, असं गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नातलं जेवण असो, फादरांचं प्रवचन असो, नाहीतर शेजारच्या फ्लॉसीची नवी सून असो. कार्मिनबाय खालचा ओठ जरा पुढे काढायची, "हं" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. त्या "हं"ला सगळी आळी टरकून असे.

तसं म्हणायचा तिला हक्कही होता. सोळाव्या वर्षी ती पापडीहून सून होऊन आली तेव्हा सासऱ्याच्या वाडीतली निम्मी केळ रोगाने बसली होती, रहाट मोडून पडला होता, आणि नवरा ऑगस्टीन ओटीवर बसून व्हायोलिनला तारा लावत होता. वाडी तिने उभी केली. वाडीच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं असतं, त्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. त्यातला वर्षानुवर्षांचा गाळ तिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून उपसला. उन्हाळ्यात पिकली केळी सोलून, सुकवून ती सुकेळी करायची, आणि आगाशीचे व्यापारी तिच्या दारात येऊन बसायचे. भावावरून घासाघीस करायची कुणाची छाती नव्हती.

ऑगस्टीन माणूस देवाचा, पण कामाचा नाही. आठवड्यातून एकदा केळी घेऊन दादरला जायचा, माल दुपारच्या आत संपवायचा आणि सिनेमा बघून यायचा. मग जेवताना हातातला डाव तलवारीसारखा परजून सगळी गोष्ट करून दाखवायचा. कार्मिनबाय म्हणायची, "डावातली आमटी सांडू नका. तुमच्या राजकुमारीला भूक नसेल, मला आहे."

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात ऑगस्टीन दादरहून परतला तो एका माणसाला बरोबर घेऊनच. त्या माणसाने काळा चष्मा घातला होता, आणि तो घरात आल्यावरही काढला नाही. हा म्हणे सिनेमाचा डायरेक्टर. आजवर त्याने तीन मारधाडीची पिक्चरं काढली होती आणि तिन्ही पहिल्याच आठवड्यात आपटली होती, हे त्याने सांगितलं नाही; ते पुढे कळलं. कार्मिनबायने त्याला मनातल्या मनात 'गॉगल' असं नाव दिलं आणि मग तेच गावभर झालं.

गॉगलने ओटीवर बसून गोष्ट सांगितली. समुद्राच्या तळाशी हजार वर्षं झोपलेला एक जलदैत्य, पन्नास हात उंच. बॉम्बच्या आवाजाने जागा होतो आणि मुंबईवर चालून येतो. गावंच्या गावं तुडवतो, आगगाड्या चघळतो. शेवटी हिरो त्याला मारतो.

"मग माझ्या वाडीत त्याचं काय काम?" कार्मिनबायने विचारलं.

"बाई, तुमचं बावखल हाच आमचा समुद्र. कॅमेऱ्यात काठ दिसणार नाही."

"राजोडीला खरा समुद्र पडलाय. चालत जाल इथून."

"खऱ्या समुद्राला लाटा असतात ना," गॉगल समजुतीच्या सुरात म्हणाला. "दैत्य वाहून गेला तर? आमच्याकडे एकच आहे."

कार्मिनबायने ओठ पुढे काढला. "समुद्राला घाबरणारा समुद्रदैत्य. हं."

तिने तिथल्या तिथे त्याला हाकलला असता. पण ऑगस्टीन स्वयंपाकघरात तिच्या मागे आला आणि दाराला धरून उभा राहिला. दैत्याचा पहिला बळी म्हणून गॉगल त्याला पडद्यावर घेणार होता. "कार्मिन, एवढं एक," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

तिने आठवून पाहिलं. खरंच मागितलं नव्हतं. कामं टाळली होती, पण मागितलं काही नव्हतं. तिने बाहेर येऊन गॉगलला बजावलं, की घड उतरवलेली झाडं तशीही तोडायचीच आहेत, तेवढी तुमच्या दैत्याला तुडवू द्या. घड असलेल्या एका जरी केळीला हात लागला, तर दैत्याचं मी बघून घेईन.

चार दिवसांनी विरार स्टेशनवरून दोन बैलगाड्या आल्या. दैत्य ताडपत्रीखाली झाकलेला होता. अर्धं नंदाखाल कुंपणाशी गोळा झालं. ताडपत्री निघाली, आणि लोक एकमेकांची तोंडं बघू लागले.

गोणपाट होतं ते. डांबर फासलेलं गोणपाट, आत बांबूच्या कामट्या, पाठीवर तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून केलेले काटे. गळ्याला मोटारीच्या ट्यूबचे तुकडे लोंबत होते. डोळ्यांत बॅटरीचे दिवे. त्यातला डावा लागायचा, उजवा नाही. जबडा दोरीने उघडायचा, पण मिटायला हाताने खाली ओढावा लागे.

"हा मुंबई खाणार?" फ्लॉसीने विचारलं.

"दात बघ त्याचे," कार्मिनबाय म्हणाली. "माझी सुकेळीसुद्धा चावायची नाहीत त्याला."

या कातड्यात शिरणारा माणूस होता जगन्नाथ. साताऱ्याकडचा, गिरणीतून काढून टाकलेला. उंच, पण हाडांचा नुसता सापळा. उंची बघूनच त्याला घेतला होता. सकाळी त्याला आत घालायचे आणि मागून दाभणाने सुतळी ओवून पाठ शिवून टाकायचे.

मग सुरू झालं ते शूटिंग. बावखलाच्या काठाला खोक्यांची मुंबई उभी केली. घड्याळाचा मनोरा, गिरणीची चिमणी, चावीची आगगाडी. दैत्य गुरगुरत पुढे निघाला, तेवढ्यात कार्मिनबायची तलंग कोंबडी मुंबईत शिरली. मनोऱ्याहून ती वीतभर उंच. तिने चिमणीवर चोच मारली, आगगाडी उलटवली आणि मुंबईच्या मधोमध बसली. गॉगल केस उपटत ओरडला. कार्मिनबाय ओटीवरून म्हणाली, "तिलाच घ्या की पिक्चरमध्ये. तुमच्या दैत्यापेक्षा बरं काम करते."

माणसांची तऱ्हा त्याहून वाईट. गावकऱ्यांनी किंचाळत पळायचं होतं. पण समोर जगन्नाथ लंगडत येतोय, शेपटीत अडखळतोय, हे दिसत असताना भ्यायचं कसं? बायका पदर तोंडात कोंबून हसत पळाल्या. पोरं दैत्याच्या मागे पळाली. ऑगस्टीनने मात्र जीव ओतला. छाती धरून तो पडला, उठला, आकाशाकडे हात केले, पुन्हा पडला, सरपटला, आणि इतका वेळ मेला की कॅमेऱ्यातली फिल्म संपली. गॉगलने कार्मिनबायलाही विनवलं. दैत्याच्या पायाशी पडून दया मागणारी म्हातारी हवी होती.

"गोणपाटाच्या पाया पडू?" ती म्हणाली. "आणि म्हातारी कुणाला म्हणतोस रे?"

दुपारी मंडळी नारळीच्या सावलीत जेवायला बसली. दैत्य एकटाच बांधावर शेपटी पसरून बसून होता. कार्मिनबाय घड बघायला त्या बाजूला गेली होती. तिने हटकलं, "तू नाही रे जेवत?"

गोणपाटातून आवाज आला, "शिवलंय मावशी मला. उसवायचं आन परत शिवायचं, त्यात दुपार जाती. ऊन हाय तवर काम उरकायचं म्हणत्यात."

"सकाळपासून आत आहेस?"

"व्हय."

"पाणी?"

"प्यालो तर पुन्यांदा पंचाईत," जगन्नाथ म्हणाला आणि आतल्या आत हसला.

तिने घरातून तांब्याभर पेज आणली. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला आणि जबड्यातून आत सारला. जगन्नाथ ओढून ओढून प्यायला. डांबराचा आणि घामाचा असा उग्र वास येत होता की तिला पदर नाकाला लावावा लागला. तशीच ती तडक गॉगलकडे गेली. "त्या माणसाला बाहेर काढा. उन्हात आंबे पिकवताय की काय गोणपाटात घालून?"

"बाई, एकच शॉट राहिलाय," गॉगल भात कालवता कालवता म्हणाला. "पाण्यातून वर येण्याचा. मग मोकळा."

"त्याला आधी खायला घाला."

"खाऊन पाण्यात उतरू नये," गॉगलने शहाणपण शिकवलं आणि बाकीचे हसले. कार्मिनबायने त्या सगळ्यांच्या पानांवरून एकदा नजर फिरवली. त्यांच्यावर तोंड वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ती कोयता घेऊन वाडीत गेली.

शॉट असा होता: दैत्याने बावखलात बुडून बसायचं, इशारा झाला की पाणी उडवत वर यायचं आणि काठावर चाल करून यायचं. जगन्नाथ पायऱ्यांवरून आत उतरला, बुडाला, इशारा झाला आणि वर आला. पण गोणपाटच ते. आत जाताना जेवढं होतं, त्याच्या तिप्पट वजनाचं होऊन बाहेर आलं. त्याने दोन पावलं टाकली. तिसऱ्याला तोल गेला आणि दैत्य काठाच्या चिखलात पालथा पडला. तोंड पाण्यात, शेपटी वर. मग तो हातपाय झाडू लागला.

"वा!" गॉगल ओरडला. "वा रे पठ्ठे! थांबवू नका, चालू द्या!"

गावानेही टाळ्या वाजवल्या. दिवसभरात दैत्याने पहिल्यांदाच काही बघण्याजोगं केलं होतं.

कार्मिनबाय केळीच्या ओळीतून बघत होती. गोणपाटाचा पंजा चिखलात एकदा आपटला, दोनदा आपटला, मग नुसता थरथरला. तिने त्याच बावखलात अर्धं आयुष्य घालवलं होतं. एकदा एक रेडकू त्या काठाला गाळात रुतून मेलं होतं आणि त्याचा पाय शेवटी असाच हलला होता. तिने लुगड्याचा काचा आवळला आणि धावली.

कोयता उगारून ती दैत्याच्या पाठीवर चढली. पत्र्याच्या काट्याने पोटरी फाटली, ते तिला कळलंही नाही. पहिला घाव तिने सुतळीवर घातला, दुसरा कामट्यांवर. बघणाऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं, आतल्या माणसाला ती जिवे मारते आहे. आता मात्र गाव खरोखर किंचाळलं. बायका पोरं उचलून पळत सुटल्या, फ्लॉसी गुडघ्यांवर पडून आवे मरिया म्हणू लागली. सकाळपासून गॉगलला हवं होतं ते सगळं झालं, आणि कॅमेरावाला बंद करायचं विसरल्यामुळे ते सगळं फिल्मवरही उतरलं.

पाठ उभी चिरून तिने जगन्नाथला काखेत धरून ओढला. ऑगस्टीनही धावून आला आणि पाय धरले. दोघांनी त्याला बांधावर पालथा घातला. ओठ निळे पडले होते. तिने पाठीवर बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या, पुन्हा बुक्क्या मारल्या. भळकन पाणी आलं, पाण्याबरोबर पेज आली आणि जगन्नाथ खोकला.

गॉगल चिखल तुडवत आला. त्याने चष्मा काढला होता. गावाने त्याचे डोळे तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. बारीक आणि पाणचट होते. तो फाटक्या गोणपाटापाशी बसला आणि म्हणाला, "मारला. माझा दैत्य मारला हिने."

पुढे कार्मिनबाय जे बोलली ते घरच्या बोलीत. कंपनीच्या लोकांना एक अक्षर कळलं नाही, पण सगळे चार पावलं मागे सरले. नंदाखालच्या लोकांना सगळं कळलं, आणि त्यातली काही वाक्यं पुढे कित्येक वर्षं भांडणांत उसनी वापरली गेली. दिवस मावळायच्या आत कंपनीने गाशा गुंडाळला. मुंबई खोक्यांसकट गाडीत भरली. दैत्याचं कातडं टाकून गेले आणि जगन्नाथलाही टाकून गेले.

तो ओटीवर पंधरवडाभर तापाने पडून होता. कार्मिनबायने मिरीचा काढा पाजला, पाठ शेकली आणि एकही दिवस गोड बोलली नाही. "हाडं तरी काय ही! तुला बघून कुणी भिणार? कावळा बुजगावणं म्हणून डोक्यावर बसेल." जगन्नाथ हसायचा. बरं वाटायला लागल्यावर तो रहाटावर बसू लागला, रेडा त्याचं ऐकू लागला. कार्मिनबायने मागल्या खोलीतली रिकामी टोपली हलवून तिथे वाकळ घातली. राहा असं ती म्हणाली नाही. तसं म्हणायची तिला सवय नव्हती.

एका सकाळी तो "कामाचं बघून येतो" म्हणून गेला, तो आलाच नाही. महिन्याने ऑगस्टीनने दादरहून बातमी आणली. जगन्नाथ पुन्हा गॉगलकडेच होता. नव्या पिक्चरमध्ये अस्वल झाला होता.

संध्याकाळी कार्मिनबायने रहाटाच्या रेड्याला काही कारण नसताना शिव्या दिल्या.

पावसाळा संपल्यावर विरारला तंबूत जलदैत्याचं पिक्चर लागलं. ऑगस्टीनने नवा कोट घातला. गाड्या जोडून सगळी आळी निघाली. कार्मिनबाय "डोळ्यांची माती करायला" म्हणत गेली खरी, पण गेली.

पिक्चर दैत्याच्या अंगासारखंच होतं. जिकडेतिकडे टाके दिसत होते. एका क्षणी दैत्य मनोऱ्याहून उंच, दुसऱ्या क्षणी केळीहून बुटका. पन्नाशीचा हिरो टोप घालून कॉलेजात जात होता. मुंबई बुडत असताना नायिका बागेत गाणं म्हणत होती. लोक पोट धरून हसत होते. ऑगस्टीनचं मरण जवळजवळ सगळं कापलेलं होतं. दैत्य पुढे येतो, आणि कोपऱ्यात एक पाय हलतो. तो पाय ऑगस्टीनचा.

मग शेवट आला. दैत्य पाण्यातून निघाला, पालथा पडला, आणि केळीतून एक बाई कोयता घेऊन धावत आली. ज्या दैत्यापुढे तोफा थकल्या होत्या, त्याला तिने दोन घावांत उभा चिरला. तिच्यामागून हिरो तलवार पुसत आला आणि नायिकेने त्याच्या गळ्यात हार घातला. बाई कोण, कुठून आली, कुणी सांगितलं नाही. पण तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. नंदाखालकर बाकांवर उभे राहून ओरडले, "कार्मिनबाय! कार्मिनबाय!"

ती हलली नाही. पडद्यावर तिने स्वतःचा चेहरा बघितला होता. धावताना कॅमेऱ्याने तो अगदी जवळून पकडला होता. तोंड वासलेलं, डोळे फाटलेले, सगळा चेहरा भीतीने पांढरा. अख्ख्या पिक्चरमध्ये खरं भ्यालेलं माणूस ते एकच होतं. आपण अशा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. आपण असं भिऊ शकतो, हेही.

परतताना गाडीत बायका तिला कोपरखळ्या मारत होत्या. ऑगस्टीन मात्र कोटाची गुंडी चाळवत बसला होता. निम्मी वाट गेल्यावर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाय बरा दिसला तुमचा."

"खरंच?"

"बाकीच्यांच्या तोंडांपेक्षा बरा." ऑगस्टीनने मान ताठ केली आणि नंदाखाल येईपर्यंत व्हायोलिनची कुठलीशी चाल तोंडाने वाजवत राहिला.

पुढच्या वर्षी केळी सुकत घातली असताना जगन्नाथ आला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, अंगावर थोडं मांस. "मावशी" म्हणून पाया पडला. कार्मिनबायने त्याला वरून खालपर्यंत बघितलं. "अस्वल दिसतंय. ये, बस."

तिने त्याला भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं, पुन्हा भात वाढला. तो जेवत असताना ऑगस्टीनने सिनेमाच्या दहा गोष्टी विचारल्या. हात धुतल्यावर जगन्नाथने विषय काढला. पिक्चर बरं चाललं होतं, लोक हसायलाच पण दोनदोनदा गेले होते. गॉगल दुसरा भाग काढणार होता. दैत्याचा भाऊ येतो आणि सूड घेतो. वाडी हवी होती, बावखल हवं होतं, आणि कोयतेवाली बाईही हवी होती. गॉगलची यायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने जगन्नाथला पाठवलं होतं. आता तो असिस्टंट झाला होता.

"पुन्हा शिरणार तू त्या गोणपाटात?" कार्मिनबायने विचारलं.

"न्हाई मावशी." जगन्नाथ घाईघाईने म्हणाला, तिला बरं वाटेल अशा बेताने. "मी बाहीर. आता शिवायचं काम माज्याकडं. आत दुसरा मानूस हाय."

"असं? काय नाव त्याचं?"

जगन्नाथने तोंड उघडलं. मग ऑगस्टीनकडे बघितलं, मग अंगणात सुकत घातलेल्या केळ्यांकडे.

"नाव इच्यारलं न्हाई," तो म्हणाला.

कार्मिनबायने त्याचं ताट उचललं आणि आत नेऊन घासायला बसली. जगन्नाथ थोडा वेळ ओटीवर थांबला. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, पण ती बाहेर आली नाही. शेवटी त्याने चपला घातल्या आणि तो विरारच्या रस्त्याला लागला.